एअर फ्रायरमध्ये वांगं: भरीत, काप आणि भरली वांगी, काय जमतं, काय जमत नाही

बेळगाव-धारवाडकडे भरल्या वांग्यांना एण्णेगाई म्हणतात. कन्नडमध्ये ‘एण्णे’ म्हणजे तेल. म्हणजे पदार्थाच्या नावातच तेल आहे. गोव्यात वांग्याच्या फोडी तव्यावर तेल सोडून परततात, हैदराबादेत बघारे बैंगनची वांगी आधी तेलात तळून घेतात आणि खानदेशात भरिताला वरून भरपूर तेलाची फोडणी लागते. वांगं आणि तेल ही जोडी सगळीकडेच जुनी आहे.

आता याच घरांत एअर फ्रायर आला आहे. कुणाकडे डॉक्टरांनी तळलेलं बंद करायला सांगितलं म्हणून, कुणाकडे इंडक्शनवरच स्वयंपाक चालतो म्हणून, तर कुठे मुलांनी आईवडिलांना भेट दिला म्हणून. बटाटा, पापड, गोठवलेले कटलेट यांचं बरं जमतं. वांग्याशी मात्र गाठ पडली की तक्रारी सुरू होतात: काप चामट झाले, वरचं पीठ पांढरंच राहिलं, भरिताला वास नाही, भरल्या वांग्यांचा मसाला जळाला आणि आतलं वांगं कच्चं.

यातल्या बहुतेक तक्रारींचं कारण एकच आहे. एअर फ्रायर तळत नाही, तो भाजतो. वांग्याच्या ज्या पदार्थात भाजणं किंवा नुसतं मऊ करणं हे काम आहे, तिथे हे यंत्र फार उपयोगी पडतं. जिथे रस्सा, वाफ किंवा धूर लागतो, तिथे ते एकटं पुरं पडत नाही. कोणतं काम यंत्राला द्यायचं आणि कोणतं कढईकडे ठेवायचं, एवढं ठरलं की तेल खरोखर कमी लागतं आणि चवही राहते. ते कसं करायचं ते क्रमाने बघूया.

यंत्र नेमकं काय करतं?

एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेली छोटी भट्टी. वरच्या बाजूला तापणारी कॉइल असते आणि तिच्याजवळ पंखा. तापलेली हवा हा पंखा जोरात फिरवतो, ती भोकं असलेल्या बास्केटमधल्या पदार्थाला चारी बाजूंनी लागते. बहुतेक घरगुती यंत्रांत तापमान साधारण ८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत ठेवता येतं. फिलिप्स कंपनीने ‘एअरफ्रायर’ या नावाने हे यंत्र २०१० मध्ये बाजारात आणलं आणि पुढे ते नाव सगळ्याच कंपन्यांच्या यंत्रांना चिकटलं.

कढईतलं तेल १७० ते १८० अंशांवर असतं आणि ते पदार्थाला सगळीकडून चिकटून उष्णता देतं. हवा तेवढ्याच तापमानाला असली तरी उष्णता फार सावकाश देते. म्हणून कढईत चार-पाच मिनिटांत होणाऱ्या कापांना इथे तेरा-चौदा मिनिटं लागतात. आणि म्हणूनच बास्केट खच्चून भरली, फोडी एकावर एक रचल्या, तर हवा फिरायला जागाच राहत नाही. मग वांगं भाजत नाही, नुसतं उकडल्यासारखं होतं.

वांगं एवढं तेल का पितं?

ताज्या वांग्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. पण काकडीसारखा त्याचा गर घट्ट नसतो, तो स्पंजासारखा असतो. पेशींच्या मधे हवेच्या बारीक पोकळ्या असतात. वांगं तेलात टाकलं की या पोकळ्यांत तेल शिरतं. शिवाय तळताना पाण्याची वाफ होऊन बाहेर पडत असते. तुकडा कढईतून काढल्यावर आत उरलेली वाफ थंड होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. त्यामुळे तव्यावर पहिल्यांदा सोडलेलं तेल क्षणात गायब होतं, आपण परत सोडतो, तेही गायब होतं.

हिशेब बघा. १०० ग्रॅम वांग्यात जेमतेम २५ कॅलरी असतात. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटर तेलात, साधारण १२० कॅलरी असतात. म्हणजे पाव किलो वांग्याने तीन मोठे चमचे तेल प्यायलं तर ताटातल्या ४२० कॅलरींपैकी ३६० तेलाच्या. वांगं बिचारं हलकंच आहे, जड होतं ते तेलाने.

पण याचा दुसरा अर्थ असा नाही की तेल शून्य करावं. तेल अजिबात न लावता वांगं एअर फ्रायरमध्ये टाकलं तर फिरती गरम हवा त्यातलं पाणी उडवते, वरचा थर सुकतो आणि आतला गर शिजायच्या आधी बाहेरून चामड्यासारखा होतो. तेलाचा पातळ थर हे सुकणं रोखतो, उष्णता नीट पोचवतो आणि मसाल्याची चव खुलवतो. पाव किलो फोडींना दोन लहान चमचे, म्हणजे १० मिलिलिटर तेल, हे चांगलं माप आहे. तेल बाटलीने धार धरून सोडू नका; फोडी मोठ्या भांड्यात घेऊन हाताने चोळा किंवा ब्रशने लावा. धार धरली की पहिल्या दोन फोडी सगळं पिऊन टाकतात.

कोणतं वांगं घ्यायचं?

नावं वेगळी, फळ एकच. आपलं वांगं कोकणीत वांयगें, कन्नडमध्ये बदनेकाई, उत्तर कर्नाटकात मुळगाईही, गुजरातीत रिंगण, तेलुगूत वंकाय. प्रत्येक भागाची जात मात्र तिथल्या पदार्थासाठी निवडून आलेली आहे, आणि यंत्र बदललं तरी ही निवड तशीच राहते.

भरितासाठी मोठं, मांसल, कमी बियांचं वांगं लागतं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच गुणासाठी प्रसिद्ध आहे. गोव्यात आगशीची मोठी वांगी कापांना आणि भरितालाही चालतात. भरण्यासाठी लहान, गोल, काटेरी देठाची वांगी; सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात कृष्णाकाठच्या वांग्यांना मान आहे तो यासाठीच.

घेताना तीन गोष्टी बघा. साल तुकतुकीत आणि ताणलेली असावी, देठ हिरवा असावा आणि बोटाने दाबल्यावर खड्डा परत भरून यावा. भरिताचं वांगं आकाराच्या मानाने हलकं बघून घ्या असं घरोघरी सांगतात, कारण जून वांग्यात बिया जास्त आणि कडूपणाही जास्त. सालीवर बारीक भोक दिसलं तर ते ठेवून द्या. शेंडे आणि फळं पोखरणारी अळी तिथून गेलेली असते.

आधी मीठ लावायचं की नाही?

कापांसाठी लावलंच तर फायदा आहे. अर्धा किलो चकत्यांना एक लहान चमचा मीठ चोळून २० ते ३० मिनिटं चाळणीत ठेवा. मीठ पाणी ओढून घेतं, स्पंजाच्या पोकळ्या दबतात, त्यामुळे तेल कमी पितं आणि फोड लवकर भाजते. नंतर हलकं दाबून पाणी काढा आणि स्वच्छ फडक्याने कोरडं करा. ओली फोड बास्केटमध्ये गेली की पहिली पाच-सहा मिनिटं पाणी उडवण्यातच जातात. पुढच्या मसाल्यात मीठ अगदी चिमूटभरच घाला.

ज्यांना रक्तदाबामुळे मीठ कमी आहे त्यांनी ही पायरी सोडावी. फोडी चिरल्याबरोबर तेल-हळद चोळून लगेच बास्केटमध्ये टाकाव्या, दोन-तीन मिनिटं जास्त लागतील एवढंच. चिरलेलं वांगं काळं पडतं ते हवेशी संयोग होऊन. फोडी पाण्यात ठेवल्या तर काळ्या पडत नाहीत, पण भाजण्याआधी पूर्ण कोरड्या करायला विसरू नका.

वेळ आणि तापमान एका नजरेत

खालचं माप साधारण १५०० वॅट आणि ४ लिटरच्या यंत्रासाठी आहे. प्रत्येक यंत्राचा स्वभाव थोडा वेगळा असतो, म्हणून पहिल्या वेळी शेवटची पाच मिनिटं लक्ष ठेवा.

– भरिताचं अख्खं वांगं, ४०० ते ५०० ग्रॅम: २०० अंश, ३० ते ३५ मिनिटं, मधे एकदा उलटवायचं.
– तेच वांगं उभं दोन भाग करून: २०० अंश, १८ ते २२ मिनिटं, आधी साल वर ठेवून, मग उलटवून.
– एक सेंटिमीटर जाडीचे काप: १९० अंश, १३ ते १५ मिनिटं, मधे उलटवायचे.
– भाजीच्या किंवा वांगीभाताच्या फोडी, साधारण अडीच सेंटिमीटर: १९० अंश, १२ ते १४ मिनिटं, दोनदा हलवायच्या.
– भरायची लहान वांगी, अख्खी, देठासकट चार चिरा देऊन: १८० अंश, १२ ते १५ मिनिटं.

काप आणि फोडींसाठी यंत्र आधी ३-४ मिनिटं रिकामं तापवून घ्या. अख्ख्या वांग्याला त्याची गरज नाही.

भरीत: मऊपणा यंत्राचा, धूर आपला

वांगं धुऊन कोरडं करा. उभी एक खोल चीर देऊन आत अळी नाही ना ते बघा. मग सुरीच्या टोकाने किंवा काट्याने सगळीकडून सात-आठ ठिकाणी टोचा. ही पायरी टाळू नका. अख्ख्या वांग्यात वाफ कोंडली तर ते फुटतं, आणि फुटलेला गर कॉइलपर्यंत उडाला तर साफ करणं अवघड होतं. वरून अर्धा चमचा तेल चोळा. चिरेत लसणाच्या चार पाकळ्या सालीसकट बसवल्या तर त्याही भाजून निघतात.

३० मिनिटांनी देठाजवळ सुरी खुपसून बघा. तिथला गर सगळ्यात शेवटी शिजतो. सुरी लोण्यात जावी तशी गेली आणि वांगं खचून बसलं की झालं. बाहेर काढून झाकणाच्या भांड्यात दहा मिनिटं ठेवा, साल आपोआप सुटते. खाली साचलेलं पाणी चाखून बघा. गोड असेल तर भरितात घाला, कडू असेल तर ओतून द्या.

इथवर यंत्राने काम चोख केलं. गर सगळीकडून सारखा शिजला, कुठे कच्ची गाठ नाही, गॅसची शेगडी घाण झाली नाही. पण चाखलं तर काहीतरी कमी वाटतं, आणि ती कमतरता खरी आहे. भरिताचा तो वास साल विस्तवावर जळताना निघणाऱ्या धुराचा असतो. खानदेशात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजतात, चुलीत निखाऱ्यात ठेवतात, निदान गॅसच्या ज्योतीवर तरी धरतात. एअर फ्रायरमध्ये ज्योतही नाही आणि धूरही नाही. २०० अंशांची हवा साल सुकवते, जाळत नाही. वेळ वाढवून हा वास येणार नाही. वांगं फक्त वाळत जाईल.

उपाय दोन आहेत.

घरात गॅस असेल तर वांगं आधी मोठ्या ज्योतीवर फिरवत ४-५ मिनिटं धरा. साल सगळीकडून काळी पडली की एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर २० ते २५ मिनिटं ठेवा. ज्योतीने धूर दिला, यंत्राने आतपर्यंत शिजवलं. नुसत्या गॅसवर मोठं वांगं बाहेरून करपतं आणि मधे कच्चं राहतं, तो त्रासही जातो.

गॅस नसेल, इंडक्शनच असेल, तर धुंगार द्या. साल काढून ठेचलेलं भरीत एका पातेल्यात घ्या, मधे छोटी स्टीलची वाटी ठेवा, तिच्यात लाल झालेला कोळशाचा तुकडा ठेवून अर्धा चमचा तूप किंवा तेल सोडा आणि लगेच झाकण घाला. चार-पाच मिनिटं पुरे, जास्त ठेवलं तर कडवट लागतं. कोळसा पेटवताना खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साचतो. आणि पेटता कोळसा एअर फ्रायरच्या आत कधीही ठेवू नका. आत पंखा आहे, ठिणग्या उडतील.

पुढे ज्याच्या त्याच्या घरची रीत. खानदेशी भरिताला भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. देशावरच्या घरांत दही आणि कच्चा कांदा. वडोदऱ्याकडच्या ओळ्यात हिवाळ्यात ओला लसूण आणि बाजरीचा रोटला. माळव्यात भरत्याबरोबर बाटी. मिरच्या याच यंत्रात भाजायच्या तर तेल लावून, चीर देऊन, १८० अंशांवर ४-५ मिनिटं. चीर न देता ठेवल्या तर फुटतात, आणि दार उघडताना तोंड जरा लांब ठेवा, ठसका लागतो.

काप किंवा फोडी: पातळ पीठ चालत नाही

गोव्याच्या, कोकणाच्या घरात काप म्हणजे जेवणातला कुरकुरीत कोपरा. अर्धा किलो वांग्याचे एक सेंटिमीटर जाडीचे काप करा. मीठ लावून, पाणी काढून, कोरडे केल्यावर अर्धा चमचा हळद, दीड चमचा तिखट आणि थोडं कोकमाचं आगळ किंवा चिंचेचा घट्ट कोळ चोळा. दोन वाटे तांदळाची पिठी आणि एक वाटा बारीक रवा एकत्र करून काप त्यात दाबून घोळवा आणि जास्तीचं पीठ झटकून टाका. झटकलं नाही तर सैल पीठ पंख्याने उडतं आणि कॉइलला लागून करपतं.

आता मुख्य मुद्दा. कोरडं पीठ नुसत्या हवेने तांबूस होत नाही. त्याला तेल लागतंच, नाहीतर चौदा मिनिटांनीही ते तसंच पांढरं राहतं आणि घशाला कोरडं लागतं. अर्ध्या किलोला मिळून तीन-चार लहान चमचे तेल काढून ठेवा. निम्मं आधी ब्रशने लावा, १९० अंशांवर सात-आठ मिनिटं भाजा, उलटवा, उरलेलं तेल लावून आणखी सहा मिनिटं. तव्यावर याच कापांना याच्या तिप्पट-चौपट तेल सहज जातं.

काप लगेच वाढा. दहा-पंधरा मिनिटांत आतलं पाणी वर येऊन ते मऊ पडतात. परत कुरकुरीत करायचे तर १८० अंशांवर तीन मिनिटं पुरतात.

भजी मात्र या यंत्रात करायला जाऊ नका. बेसनाचं पातळ पीठ कढईत पडताक्षणी तेलात घट्ट होतं, म्हणून ते भजीला धरून राहतं. बास्केटमध्ये ते घट्ट होण्याआधीच भोकांतून खाली गळतं, आणि जे राहतं त्याचं धिरडं होतं. वांग्याची भजी खायची इच्छा झाली तर महिन्यातून एकदा कढईतच करा आणि चार खा.

भरली वांगी, एण्णेगाई, बघारे बैंगन: पहिली पायरीच यंत्राची

या तिन्ही पदार्थांचा जीव मसाल्याच्या दाट रश्शात आहे. शेंगदाणे, तीळ, खोबरं, कुठे कारळं, कुठे चिंच-गूळ. हा मसाला भरून वांगी थेट बास्केटमध्ये ठेवली तर वरचे दाणे-तीळ करपतात, आतला मसाला कोरडा राहतो आणि तेल सुटून तवंग येणं हा प्रकार होतच नाही. वाफ आणि रस्सा हे काम कढईचं.

पण त्याआधीची पायरी, म्हणजे वांगी तेलात परतून किंवा तळून अर्धी शिजवणं, ती यंत्राकडे देता येते. सगळ्यात जास्त तेल याच पायरीत जातं. आठ-दहा लहान वांग्यांना देठाकडून जोडलेल्या चार चिरा द्या, दोन लहान चमचे तेल आतून-बाहेरून चोळा आणि १८० अंशांवर १२ ते १५ मिनिटं नुसतीच भाजा. बाहेर काढून गार झाल्यावर मसाला भरा. कढईत दोन मोठे चमचे तेलाची फोडणी करून उरलेला मसाला परता, पाणी घाला, उकळी आली की वांगी सोडून झाकण ठेवा आणि मंद आचेवर दहा मिनिटं शिजवा. आधीच भाजलेली असल्यामुळे वांगी पटकन मुरतात आणि फुटत नाहीत. बघारे बैंगनलाही हीच युक्ती चालते.

तवंग थोडा कमी दिसेल. शेंगदाणे, तीळ आणि खोबरं यांचं स्वतःचंही तेल असतं, ते मंद आचेवर हळूहळू सुटतं. म्हणून शेवटची दहा मिनिटं घाई करू नका.

वांगीभात आणि साधी वांगी-बटाटा भाजी यांनाही हेच लागू. फोडी भाजून तयार ठेवा आणि शेवटी मिसळा. भात मोकळा राहतो, वांग्याचा लगदा होत नाही.

विजेचं आणि सुरक्षेचं बघून घ्या

– १५०० वॅटचं यंत्र २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर घेतं. घरातल्या नेहमीच्या लहान सॉकेटची क्षमता ६ अँपिअर असते. फ्रीज-गिझरसाठी असतो तसा १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच वापरा. प्लग बसवायला अ‍ॅडॉप्टर लावून किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर चालवू नका, वायर तापते.
– साध्या घरगुती इन्व्हर्टरवर हे यंत्र चालवू नये. वीज जायची वेळ ठरलेली असेल तर वांगं आधी भाजून घ्या.
– २० मिनिटं चालवलं तर १५०० वॅटच्या हिशेबाने जास्तीत जास्त अर्धा युनिट वीज लागते. प्रत्यक्षात तापमान गाठल्यावर कॉइल मधे मधे बंद होते, त्यामुळे थोडी कमीच.
– यंत्राच्या मागून गरम हवा निघते. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा, पडदा किंवा प्लॅस्टिकचे डबे जवळ नकोत. गॅसच्या शेगडीवर यंत्र ठेवण्याची सवय तर मुळीच नको.
– बास्केटमध्ये बटर पेपर टाकायचा तर त्यावर पदार्थाचं वजन हवं. रिकामं यंत्र तापवताना कागद आत असेल तर तो उडून कॉइलला लागतो आणि पेटू शकतो.
– वांग्याचा गर आणि मसाला चिकटला तर बास्केट कोमट पाण्यात भिजत ठेवा. तारेची घासणी आणि स्टीलचा उलथना नको, काळा थर निघतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

साल काढावी का? नाही. काप आणि फोडींना साल धरून ठेवते, नाहीतर गर पसरतो. भरितातच ती काढायची.

यात वांगं पौष्टिक होतं का? वांगं होतं तेवढंच राहतं, तेल कमी होतं. हाच फायदा आहे आणि तो लहान नाही. पण एअर फ्रायर हे औषध नव्हे. हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर काय आणि किती खायचं ते डॉक्टरांनाच विचारा. वांगं खाल्ल्यावर घशाला खाज येत असेल तर कुठल्याही पद्धतीने शिजवलं तरी जपून.

सहा माणसांचं जेवण यात निघेल का? चार लिटरच्या बास्केटमध्ये एका थरात आठ-दहा कापच बसतात. सहा जणांसाठी तीन घाणे, म्हणजे पाऊण तास. मोठ्या कुटुंबाने कापांसाठी तवाच बरा, भरितासाठी गॅस. दोन-तीन माणसांचं घर, एकटे राहणारे आजी-आजोबा, गॅस नसलेल्या खोलीत राहणारे विद्यार्थी, यांना हे यंत्र खरं उपयोगी.

उरलेलं किती दिवस टिकतं? भाजलेला गर गार झाल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. भरीत करून ठेवण्यापेक्षा नुसता गर ठेवून फोडणी ऐनवेळी दिलेली बरी.

चंपाषष्ठीच्या आधी

बऱ्याच घरांत चातुर्मासात वांगं वर्ज्य असतं आणि मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा ताटात येतं. त्या सुमारास बाजारात वांगीही ताजी आणि स्वस्त असतात. चूल नाही, अंगण नाही, गॅसही नाही, अशा चौथ्या मजल्यावरच्या घरात भरीत कसं करायचं, हा प्रश्न बेळगावपासून वडोदऱ्यापर्यंत अनेकांना पडतो. उत्तर वर आलंच आहे: वांगं टोचून यंत्रात, गर ठेचून पातेल्यात, धुंगार कोळशाचा आणि फोडणी ताजी. सणाच्या दिवशी पहिल्यांदा करून बघू नका. आठवडाभर आधी एक वांगं भाजून आपल्या यंत्राची वेळ लिहून ठेवा. चातुर्मास पाळत असाल तर ते पहिलं वांगं शेजाऱ्यांना द्या, म्हणजे चव कशी झाली तेही कळेल.